आवरणावरचे एक अक्षरही न बदलता: मार्स चॉकलेट, वासराचे रेनेट आणि ब्रिटनमधील शाकाहारी ग्राहक (2007)

मे 2007 च्या मध्यास ब्रिटनमधील शाकाहारी ग्राहकांना वर्तमानपत्रांतून एक अनपेक्षित गोष्ट कळली. मार्स, स्निकर्स, ट्विक्स, बाउंटी, माल्टीझर्स यांसारखी देशभर खपणारी चॉकलेटे बनवणाऱ्या मास्टरफूड्स या कंपनीने, म्हणजे मार्स समूहाच्या ब्रिटनमधील शाखेने, जाहीर केले की 1 मेपासून तिच्या उत्पादनांत प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून मिळणारा, दूध गोठवणारा अर्क) वापरून मिळवलेली व्हे पावडर (चीज करताना उरणाऱ्या निवळीची पावडर) येऊ लागली आहे आणि त्यामुळे ही चॉकलेटे यापुढे शाकाहारी मानता येणार नाहीत. कच्च्या मालाचा पुरवठा जिथून होतो तो बदलला, हे कारण कंपनीने दिले. ज्या मालावर 1 ऑक्टोबरपर्यंतची ‘या तारखेपूर्वी वापरावे’ अशी तारीख आहे तो जुन्या पद्धतीचा आणि शाकाहारी, त्यापुढचा तसा नव्हे, एवढी एकच खूण ग्राहकाला देण्यात आली. पुढच्या आठवडाभरात कंपनीकडे सहा हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, चाळीस खासदारांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या, आणि 20 मेच्या सुमारास कंपनीने आपली चूक झाल्याचे मान्य करून निर्णय मागे घेतला.

घटनाक्रम एवढाच आहे आणि तो एका परिच्छेदात संपतो. ग्राहकांनी आवाज उठवला आणि मोठी कंपनी नमली, अशी या प्रकरणाची सोयीस्कर मांडणी नेहमी केली जाते, पण अभ्यासण्याजोगा भाग तिच्या खाली दडलेला आहे. या साऱ्या बदलात चॉकलेटच्या आवरणावर छापलेल्या घटकांच्या यादीतले एक अक्षरही बदलण्याची गरज नव्हती. 1 मेपूर्वी तिथे ‘व्हे पावडर’ असे लिहिणे पुरेसे होते, आणि 1 मेनंतरही तेवढेच पुरेसे होते. कंपनीने स्वतःहून तोंड उघडले नसते, तर वेष्टन कितीही बारकाईने वाचणाऱ्या ग्राहकालाही काही कळण्याचा मार्ग नव्हता.

व्हे पावडरमध्ये वासरू कुठून येते

हे समजण्यासाठी चॉकलेटच्या कारखान्यात नव्हे, चीजच्या कारखान्यात जावे लागते. तिथे मोठ्या हौदात दूध साधारण 30 ते 32 अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलेले असते आणि त्यात विरजण घातलेले असते. नंतर त्यात रेनेट घालतात. नेहमीच्या तीव्रतेचे द्रवरूप रेनेट असेल तर 100 लिटर दुधाला 20 ते 30 मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे, एवढे पुरते. ढवळून झाल्यावर दूध हलवायचे नाही. अर्ध्या-पाऊण तासात त्याची थरथरणारी, सलग वडी तयार होते. तारांच्या सुऱ्यांनी तिचे तुकडे केले की त्यांतून हिरवट पिवळसर पाणी सुटू लागते. हेच व्हे, म्हणजे दुधाची निवळी. एक किलो चीज करायला ढोबळमानाने दहा लिटर दूध लागते आणि त्यातून सुमारे नऊ लिटर निवळी उरते. ही निवळी एके काळी डुकरांना पाजली जाई किंवा सरळ नदीनाल्यांत सोडली जाई. आता ती आटवून, गरम हवेच्या झोतात फवारून तिची पावडर करतात. या पावडरमध्ये मुख्यतः दुधातली साखर असते आणि थोडी प्रथिने असतात. ती स्वस्त आणि किंचित गोड असते व चवीला भर देते, म्हणून चॉकलेटांच्या सारणापासून बिस्किटे, सूप आणि बटाट्याच्या वेफर्सवरच्या मसाल्यापर्यंत अनेक ठिकाणी ती वापरली जाते.

रेनेटचे काम कायमोसिन हे विकर (एन्झाइम) करते. दुधातील केसिन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर कॅपा-केसिन नावाचे एक आवरण असते. कायमोसिन ते नेमक्या एका जागी कापते, मग गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध गोठते. दूधपित्या वासराला पचनासाठी या विकराची गरज असते, म्हणून ते त्याच्या चौथ्या जठराच्या अस्तरात तयार होते. पारंपरिक रेनेट म्हणजे कत्तल झालेल्या वासराच्या या जठराचा अर्क. दूध काढण्यासाठी जनावर मारावे लागत नाही, हा अर्क मिळवण्यासाठी मात्र ते मेलेले असावे लागते. दूध आणि चीज खाणारा ब्रिटिश शाकाहारी मनुष्य रेनेटपाशी अडतो तो यामुळे. त्याची भूमिका विसंगत आहे असा टोमणा या वादातही मारला गेला असेल, पण कत्तलीतून मिळालेले उपपदार्थ खायचे नाहीत ही त्याची रेषा पुरेशी स्पष्ट आहे. दुग्धव्यवसायातल्या नर वासरांचे पुढे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो दुधासह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणारी व्हीगन चळवळ विचारते.

रेनेटला पर्यायही 2007 मध्ये नवे राहिले नव्हते. ऱ्हायझोम्यूकर मिएहाय या बुरशीपासून मिळणारे विकर चीजसाठी कित्येक वर्षे वापरात होते. वासराचे कायमोसिन तयार करणारे जनुक सूक्ष्मजीवात घालून किण्वनाने तेच विकर मिळवण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1990 मध्येच मान्यता दिली होती. अशा रीतीने मिळणारे कायमोसिन वासराच्या कायमोसिनसारखेच काम करते आणि त्यासाठी वासरू लागत नाही. तेव्हा शाकाहारी व्हे मिळणे ही तांत्रिक अडचण नव्हती, ती खरेदीच्या अटीची बाब होती. पुरवठादाराशी केलेल्या करारात ‘प्राणिज रेनेट नसलेली’ हे शब्द आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न होता.

दुधात घातलेल्या रेनेटमधील बहुतांश विकर निवळीबरोबर वाहून जाते, पुढे उष्णतेने ते निकामी होते, आणि पावडर तयार होईपर्यंत त्याचे अस्तित्व नगण्य उरते. एका चॉकलेटच्या वडीत ते किती असेल याचा हिशेब मांडायला बसले तर हाती येणारा आकडा हास्यास्पद वाटण्याइतका लहान असेल. प्रयोगशाळेत तयार चॉकलेट तपासून ‘यातील व्हे वासराच्या रेनेटने मिळवले होते’ असे सांगता येईल, ही अपेक्षाही व्यवहारात फोल आहे, कारण शोधायचा तो पदार्थ जवळजवळ उरलेलाच नसतो आणि किण्वनाने मिळवलेले कायमोसिन त्याच्याहून वेगळे ओळखता येत नाही. म्हणजे अशा उत्पादनाचे शाकाहारीपण पदार्थात तपासता येत नाही. ते कागदपत्रांत असते, चीजच्या हौदापासून पावडरच्या पोत्यापर्यंत आणि पोत्यापासून चॉकलेटच्या मिश्रणापर्यंत चालत आलेल्या नोंदींत.

कायदा इथे गप्प का होता

त्या वेळच्या युरोपीय लेबल नियमांनुसार, आणि ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात असल्याने तिथेही, उत्पादनाच्या प्रक्रियेत साहाय्यक म्हणून वापरलेला आणि अंतिम पदार्थात स्वतःचे काही काम न करणारा पदार्थ घटकांच्या यादीत दाखवण्याची सक्ती नव्हती. रेनेट हे अशा साहाय्यक पदार्थाचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल. शिवाय इथे ते साहाय्यक तरी कोणाचे होते? चॉकलेट कंपनीने ते कधी हातातही धरले नव्हते. तिने फक्त व्हे पावडर विकत घेतली होती, आणि व्हे पावडर तर यादीत छापलेलीच होती. नियमाच्या अक्षराला धरून पाहिले तर लपवण्यासारखे काहीच नव्हते, आणि तरीही ग्राहकाला हवी असलेली माहिती पूर्ण झाकलेली होती.

असे असले तरी साहाय्यक पदार्थांची ही सूट अभेद्य आहे, असेही नाही. नोव्हेंबर 2005 पासून युरोपात ॲलर्जीकारक पदार्थांबाबत कडक नियम लागू झाला, आणि त्यात दूध, अंडे, मासे, शेंगदाणे अशा पदार्थांपासून आलेला घटक प्रक्रियेतील साहाय्यक म्हणून वापरला गेला असला आणि तो अंतिम मालात उरला असला, तर तो सांगावा लागे. आरोग्याला धोका आहे असे दिसले की कायदा साहाय्यक पदार्थांच्या आडोशामागे जाऊन पाहू शकतो, हे यावरून उघड होते. श्रद्धा, तत्त्व किंवा आहाराची निवड यांच्यासाठी तो तिथवर जात नाही. हे धोरण ज्यांना योग्य वाटते त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण शेंगदाण्याच्या कणाने माणूस दगावू शकतो आणि रेनेटच्या अंशाने दगावत नाही. तरीही हे धोरण आहे, तांत्रिक अशक्यता नव्हे, एवढे लक्षात ठेवायला हवे.

ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने एप्रिल 2006 मध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या जेमतेम वर्षभर आधी, ‘शाकाहारी’ आणि ‘व्हीगन’ हे शब्द लेबलवर कसे वापरावेत याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले होते. मेलेल्या किंवा मारलेल्या प्राण्यांपासून मिळालेल्या पदार्थांनी बनलेल्या, किंवा अशा पदार्थांच्या साहाय्याने बनवलेल्या अन्नाला ‘शाकाहारी’ म्हणू नये, असे त्यात सुचवले होते. ‘साहाय्याने’ हा उल्लेख नेमका रेनेटसारख्या गोष्टींना कवेत घेणारा होता. अडचण एवढीच की हे मार्गदर्शन ऐच्छिक होते आणि जो उत्पादक शाकाहारी असल्याचा दावा करतो त्याच्यापुरतेच ते उपयोगी होते. जो असा दावाच करत नाही त्याच्यावर त्यातून कसलीही जबाबदारी येत नव्हती. म्हणजे एखाद्या कंपनीने व्हे बदलले आणि ‘शाकाहारींसाठी योग्य’ हे शब्द कुठे वापरलेच नाहीत, किंवा गाजावाजा न करता वापरणे बंद केले, तर तिने कोणताही नियम मोडलेला नसे.

कंपनीचा निर्णय आणि त्याची शिक्षा

या पार्श्वभूमीवर मास्टरफूड्सच्या वागण्याचे दोन वेगळे भाग करावे लागतात आणि त्यांना वेगवेगळे गुण द्यावे लागतात. व्हेचा पुरवठा बदलताना शाकाहाराची अट सोडून देणे हा पहिला भाग, आणि तो निष्काळजीपणाचा होता असे माझे मत आहे. ब्रिटन हा 1847 मध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झालेला देश आहे. तिथे शाकाहार ही दीडशे वर्षांहून जुनी, संघटित आणि वाचा फुटलेली चळवळ आहे. शिवाय या चॉकलेटांकडे कोणी मांसाहारी पदार्थ म्हणून पाहिलेलेच नव्हते. मांसाचा पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची चौकशी करण्याची सवय शाकाहारी ग्राहकाला असते, पण चॉकलेटची वडी उचलताना तो थबकत नाही. त्याच्या नकळत त्याचा विश्वास ज्यावर उभा असतो, तीच वस्तू बदलण्यात आली.

दुसरा भाग जाहीर करण्याचा. कंपनीने हे आपण तत्त्वाला धरून सांगत आहोत असे म्हटले, आणि त्यावर तेव्हा उपहास झाला असला तरी ते म्हणणे खोटे ठरवता येत नाही. कायद्याची सक्ती नसताना, प्रयोगशाळेत पकडले जाण्याची भीती नसताना तिने ही माहिती दिली. मात्र ती देताना कंपनीच्या प्रवक्त्याने जी भाषा वापरली तिने आगीत तेल ओतले. अत्यंत काटेकोर शाकाहारी असाल तर आम्ही दिलगीर आहोत, पण तितके काटेकोर नसाल तर आमचे चॉकलेट खायला हरकत नाही, अशा आशयाचे ते उद्गार होते. कोण किती शाकाहारी आहे हे ठरवण्याचा अधिकार चॉकलेट विकणाऱ्याने स्वतःकडे घेतला, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. व्हेजिटेरियन सोसायटीने लोकांना थेट कंपनीकडे निषेध नोंदवण्याचे आवाहन केले, आणि नंतरचे सहा हजार संदेश हे त्याचे फळ होते.

आठवडाभरात माघार घेता आली यावरून एक गोष्ट सिद्ध होते: शाकाहारी व्हे मिळवणे कंपनीला जड नव्हते. पण या शेवटाकडे दुसऱ्या एखाद्या उत्पादकाच्या खरेदी विभागात बसून पाहिले तर काय दिसते? ज्याने सांगितले त्याची वर्तमानपत्रांतून नाचक्की झाली. प्राणिज रेनेटचे व्हे वापरणाऱ्या आणि त्याविषयी अवाक्षर न काढणाऱ्या कोणालाही त्या आठवड्यात कोणी जाब विचारला नाही, कारण तो कोण आहे हे कळण्याची सोयच नव्हती. या प्रकरणाने उद्योगाला दोन धडे एकदमच दिले, व्हे शाकाहारी ठेवा हा एक आणि न विचारता काही सांगू नका हा दुसरा. यांतला कोणता धडा कोणी घेतला हे बाहेरून दिसत नाही. ग्राहक संघटनांनी विजय साजरा करताना या बाजूकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही, असे मला वाटते. केवळ माघारीऐवजी, व्हेचा उगम कळवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू करा, ही मागणी त्या चाळीस सह्यांच्या बळावर पुढे रेटता आली असती.

तारखांचा गुंता

माघारीनंतर एक व्यावहारिक अडचण उरते आणि अशा प्रत्येक प्रकरणात ती येते. 1 मेपासून प्राणिज रेनेटचे व्हे कारखान्यात येऊ लागले होते आणि 20 मेच्या सुमारास निर्णय फिरला. मधल्या काळात बनलेला माल गोदामांत, वाहतुकीत आणि दुकानांच्या फळ्यांवर असणारच. निर्णय फिरला त्याच क्षणी कारखान्यातली पोती शाकाहारी होत नाहीत. जुनी पावडर संपायला, नव्या अटींचा पुरवठा सुरू व्हायला काही काळ जातो. ग्राहकाला सुरुवातीची सीमा सांगितली होती, 1 ऑक्टोबरची. अशा वेळी शेवटची सीमाही तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागते, नाहीतर निर्णय मागे घेतल्याची बातमी वाचून निर्धास्त झालेला शाकाहारी मनुष्य नेमका त्या मधल्या मालातला नग उचलतो. दोन्ही मालांचे वेष्टन सारखे, घटकांची यादी सारखी, चव सारखी. फरक फक्त वेष्टनाच्या कडेला ठशाने उमटवलेल्या, बोटाने घासल्यास पुसट होणाऱ्या त्या तारखेत.

उत्पादन समूहाचा (बॅचचा) क्रमांक आणि कच्च्या मालाच्या नोंदी यांचे नाते इथे कामाला येते. कोणत्या पोत्यांतील पावडर कोणत्या दिवशीच्या मिश्रणात गेली हे अन्नउद्योगात माल परत बोलावण्यासाठी ठेवावेच लागते. सुरक्षिततेसाठी ठेवलेली हीच नोंद शाकाहाराच्या प्रश्नाचेही उत्तर देऊ शकते. वेगळी यंत्रणा उभारायची नसते, फक्त व्हेच्या नोंदीत ‘गोठवण्यासाठी वापरलेले विकर कशाचे’ हा एक रकाना वाढवायचा असतो.

जे यादीत दिसते आणि जे दिसत नाही

रेनेटचे हे प्रकरण मांसविरहित पाकीटबंद पदार्थांतील प्राणिज घटकांच्या एका विशिष्ट गटाचे आहे, आणि सगळे एकाच मापाने मोजण्याची चूक चळवळीतले लोकही करतात. जिलेटिन किंवा कोचिनील किड्यापासून मिळणारा कार्माइन रंग यांना लपलेले म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण ते यादीत नावाने किंवा युरोपात अन्नात मिसळायच्या पदार्थांना दिल्या जाणाऱ्या ई 120 सारख्या क्रमांकाने येतात, आणि वाचणाऱ्याला ते ओळखता येतात. क्वॉर्न या 1985 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलेल्या बुरशीजन्य मांसपर्यायात बांधणीसाठी अंड्यातील पांढरा बलक घालत, तोही पाकिटावर लिहिलेला असे. मांसविरहित म्हणजे व्हीगन नव्हे, एवढे समजलेल्याला तो पुरेसा होता. खरी अडचण नाव दिसते पण उगम दिसत नाही तिथे सुरू होते. ई 471 या क्रमांकाची मेदाम्लांची संयुगे वनस्पती तेलाची असू शकतात किंवा चरबीची. चव वाढवणारे ई 631 किण्वनाने मिळते, तसेच मांस किंवा माशांपासूनही. ड-3 जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून येते. ते शाकाहारी माणसाला चालते, व्हीगनला चालत नाही. आणि यांच्याही पलीकडे रेनेट, किंवा बिअर नितळ करण्यासाठी वापरली जाणारी माशाच्या वाताशयाची आयसिंग्लास, जिथे नावच दिसत नाही. या शेवटच्या गटासाठी वेष्टन वाचायला शिका हा सल्ला निरुपयोगी आहे. तिथे उत्पादकाला लेखी विचारणे किंवा एखाद्या संस्थेच्या प्रमाणचिन्हावर भिस्त ठेवणे एवढेच उरते, आणि असे चिन्हही शेवटी उत्पादकाने सादर केलेल्या पुरवठ्याच्या कागदांच्या तपासणीवरच उभे असते.

विचारताना प्रश्न नेमका असावा लागतो. ‘यात काही प्राणिज आहे का?’ या प्रश्नाला ‘दूध आहे’ असे खरे पण निरुपयोगी उत्तर मिळू शकते. ‘यातील व्हे ज्या चीजमधून आले ते गोठवण्यासाठी कोणते रेनेट वापरले, आणि हे उत्तर कोणत्या तारखेपासूनच्या मालाला लागू आहे?’ असे विचारले तर उत्तर देणाऱ्याला पुरवठादाराचा कागद उघडावाच लागतो.

युरोपीय संघाने 2011 मध्ये अन्नविषयक माहितीचा जो नवा नियम, क्रमांक 1169, संमत केला, त्यातील कलम 36 मध्ये पदार्थ शाकाहारी किंवा व्हीगन असल्याच्या ऐच्छिक माहितीसाठी युरोपीय आयोगाने अंमलबजावणीचे नियम करावेत अशी तरतूद घालण्यात आली. ते नियम अद्याप झालेले नाहीत. आणि ते झाले तरी ‘ऐच्छिक’ हा शब्द तिथे आहेच: दावा करणाऱ्याला ते बांधतील, न बोलणाऱ्या उत्पादकाच्या व्हे पावडरबद्दल ते काही विचारणार नाहीत.